कोंबड्यांच्या पिसांच्या रंगाची आनुवंशिकता

भिन्न रंगांच्या कोंबडा-कोंबडीचा संकर केला असता पिलांच्या पिसांचा रंग कोणता येईल, हे आधी वर्तविण्याची पद्धती व तिचा इतिहास यांचा या नोंदीत विचार केला आहे. प्राण्यांतील आनुवंशिकतेचे नियम प्रथम ज्या थोड्या प्राण्यांवर पडताळून पाहण्यात आले त्यांत कोंबडीचा समावेश होतो. त्यामुळे या विषयाचा इतिहास हा बऱ्याच अंशी आनुवंशिकी या शास्त्राच्याच आरंभकाळाचा इतिहास आहे. [⟶ आनुवंशिकी, कोंबडी].

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, म्हणजे सटाणा व त्याच्या पश्चिमेकडील साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरपट्ट्यात, परसात पाळल्या जाणाऱ्या गावठी कोंबड्यांचा कळप पाहिला, तर त्यात एकाच रंगाचे दोन पक्षी क्वचितच आढळतात. तांबडा, काळा, पांढरा, कबरा, राखी व यांच्या मिश्रणाचे अनेक रंग एकाच खुराड्यात असतात. हा रंग पाळणाऱ्याच्या दृष्टीने केवळ शोभेचा नसतो. नवसासाठी विशिष्ट रंगाचा कोंबडा लागतो, उताऱ्यासाठी काळी कोंबडी मागितली जाते, आणि अशा पक्ष्याला बाजारात एरवीपेक्षा अधिक किंमत मिळते. उघड्यावर चरणारे पांढरे पिलू घारीच्या नजरेस लवकर पडते, म्हणूनही रंगीत पक्षी पसंत केला जातो. अलीकडे कडकनाथ जातीच्या पक्ष्यांना चांगला भाव मिळू लागल्यापासून काळ्या रंगाला नवेच महत्त्व आले आहे. रंगावरून पक्ष्याची जात ठरविण्याची सवय त्यामुळे अधिक दृढ झाली. ही सवय कोठपर्यंत विश्वासार्ह आहे, या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या आनुवंशिकतेत सापडते.

मेंडेलपूर्व कल्पना : कोंबड्यांची हौशी पैदास करणाऱ्यांमध्ये फार पूर्वीपासून काही आडाखे रूढ होते. रंग कोंबड्याकडून व आकार कोंबडीकडून येतो, हा त्यांपैकी एक. हे आडाखे कधी खरे ठरत, कधी खोटे. आणि खोटे ठरले म्हणजे दोष कोंबडीच्या ‘रक्ता’कडे जाई. यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोंबड्यांची प्रदर्शने भरू लागल्यावर शुद्ध रंगाच्या पक्ष्यांना मोठी मागणी आली व संकरांच्या नोंदी व्यवस्थितपणे ठेवल्या जाऊ लागल्या.

चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्या विविधतेवरील ग्रंथात कोंबड्यांच्या संकराचे आपले प्रयोग दिले आहेत. काळ्या स्पॅनिश कोंबड्याचा पांढऱ्या सिल्की कोंबडीशी संकर केला असता झालेल्या नर पिलांपैकी एक मोठे झाल्यावर रंगाने तांबड्या रानकोंबड्यासारखे दिसू लागले. काळा बाप व पांढरी आई यांच्या पोटी तांबूस-सोनेरी मानेचा नर यावा, ही गोष्ट विलक्षण होती. डार्विन यांनी तिला पूर्वजाकडे परतणे असे मानले आणि सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या या आपल्या मताचा तो एक पुरावा समजला. त्यांचे मत मुख्यतः बरोबर होते; कारण मात्र निराळे होते. सिल्की कोंबडीच्या पांढऱ्या पिसांखाली रानटी रंगाचे घटक अव्यक्त स्थितीत होते आणि संकरात पांढरेपणा दबल्यामुळे ते अंशतः प्रगट झाले. पूर्वज परत आला नव्हता. तो कोठे गेलाच नव्हता.

पाळीव कोंबडीच्या पूर्वजांबद्दल येथे एक गोष्ट नोंदविणे इष्ट आहे, कारण तिचा संबंध सह्याद्रीशी येतो. पिसांचे बहुतेक रंग तांबड्या रानकोंबड्यापासून आलेले असले, तरी पिवळी कातडी व पिवळे पाय देणारा जीन (आनुवंशिक लक्षणाचा घटक) पश्चिम व दक्षिण भारतातील राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. पाळीव कोंबड्यांत पिवळे पाय आज जगभर आढळतात. त्यांचे मूळ भारतीय द्वीपकल्पातील जंगलात आहे.

मेंडेलीय नियमांचा प्रारंभ : ग्रेगोर मेंडेल यांच्या वाटाण्यावरील प्रयोगांचा १९०० मध्ये पुन्हा शोध लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी केंब्रिज येथील विल्यम बेटसन यांनी एडिथ साँडर्स यांच्यासह रॉयल सोसायटीला सादर केलेल्या अहवालात, हेच नियम कोंबडीच्या तुऱ्याच्या आकाराला व इतर काही लक्षणांना लागू पडतात, असे दाखविले. प्रत्येक लक्षणासाठी पिलाला आईकडून एक व बापाकडून एक असे दोन जीन मिळतात. दोन्ही भिन्न असल्यास ज्याचे लक्षण दिसते तो प्रभावी व ज्याचे झाकले जाते तो अप्रभावी होय. पुढील पिढीत हे जीन पुन्हा अलग होतात.

रंगाच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद उदाहरण निळ्या अँडलूशियन कोंबडीचे आहे. या जातीचा पाटीसारखा निळसर रंग प्रदर्शनांत वाखाणला जाई; परंतु निळ्या कोंबडा-कोंबडीपासून सर्व निळी पिले कोणालाही मिळत नसत. काही काळी व काही डागाळलेली पांढरी पिले दरवेळी निघत. पैदासकार अशी पिले काढून टाकीत आणि कधी तरी जात शुद्ध होईल या आशेने पुन्हा निळ्याशी निळा पक्षी जोडीत. असे अनेक पिढ्या चालले होते. बेटसन व त्यांचे सहकारी रेजिनल्ड पनेट यांनी पिले मोजली, तेव्हा सरासरीने शंभरांत २५ काळी, ५० निळी व २५ डागाळलेली पांढरी असे प्रमाण मिळाले. याचा अर्थ असा की, निळा हा स्वतंत्र रंगच नव्हे. काळ्याचा एक व पांढऱ्याचा एक असे दोन जीन एकत्र आले म्हणजे निळा रंग दिसतो. म्हणून निळ्या पक्ष्याची शुद्ध जात होणे तत्त्वतःच अशक्य. सर्व पिले निळी हवी असतील, तर काढून टाकलेल्या काळ्या पक्ष्याची जोडी काढून टाकलेल्या पांढऱ्याशी लावावी! पैदासकारांनी दोन पिढ्या जे दोष म्हणून टाकून दिले तेच त्यांना हवे होते. प्रयोगशाळेतील मोजणीने व्यवसायातील समजूत इतक्या सरळपणे उलटविल्याची उदाहरणे फार नाहीत.

पांढऱ्या रंगाचे दोन प्रकार : पांढरा रंग हा कोंबड्यांत सर्वाधिक फसवा आहे. पिसांतील रंग मेलॅनीन या रंगद्रव्याच्या दोन प्रकारांमुळे येतो. एक काळा-तपकिरी व दुसरा तांबूस-पिवळसर. रंगद्रव्य कोठे, किती व कोणते साठावे हे निरनिराळे जीन ठरवितात. पांढरेपणा म्हणजे बहुधा रंगाचा अभाव नसून रंग व्यक्त होण्यातील अडथळा असतो, आणि हा अडथळा निरनिराळ्या ठिकाणी येऊ शकतो.

व्हाइट लेगहॉर्न या इटालियन मूळ असलेल्या अंड्यांच्या जातीतील पांढरा रंग प्रभावी असतो. तिचा रंगीत कोंबडीशी संकर केल्यास पिले पांढरी होतात. मात्र त्यांच्या अंगावर काळे ठिपके किंवा तांबूस छटा राहते, कारण हा जीन काळ्या रंगद्रव्याला पुरेपूर व तांबड्याला कमी अडवितो. ऑस्ट्रेलॉर्प या काळ्या जातीशी व्हाइट लेगहॉर्नचा संकर करून मिळणाऱ्या ‘ऑस्ट्रो-व्हाइट’ पक्ष्यांवर असे काळे ठिपके दिसतात. याउलट सिल्की, व्हाइट वायंडॉट इ. जातींतील पांढरा रंग अप्रभावी आहे. रंगीत पक्ष्याशी संकर होताच तो नाहीसा होतो व दोन पिढ्यांनी पुन्हा दिसू लागतो. व्हाइट लेगहॉर्न व अप्रभावी पांढरी जात यांचा संकर केल्यास पहिली पिढी पांढरीच निघते. परंतु या पिढीतील पक्षी आपसांत जोडले, तर पुढील पिढीत सरासरीने दर १६ पिलांत १३ पांढरी व ३ रंगीत होतात. दोन भिन्न अप्रभावी पांढऱ्या वाणांच्या संकरात तर पहिल्याच पिढीत सर्व पिले रंगीत येऊ शकतात, कारण एकात जो घटक नाही तो दुसरा पुरवितो. पांढऱ्या आईबापांपासून रंगीत पिले झाली म्हणजे शेजारच्या कोंबड्याचा संशय घेतला जातो. तो नेहमीच रास्त नसतो.

लिंगसंलग्न रंग : या विषयातील सर्वांत उपयुक्त शोध पट्टेरी पिसांच्या निरीक्षणातून लागला. पट्टेरी प्लिमथ रॉक जातीच्या पिसांवर काळे व पांढरे आडवे पट्टे असतात. अमेरिकेतील विल्यम जे. स्पिलमन हे मुख्यतः गव्हाचे संशोधक होते. पट्टेरी कोंबडी व काळा कोंबडा यांच्या संकरात नर पिले पट्टेरी व मादी पिले काळी होतात; जोडी उलट केली म्हणजे सर्वच पिले पट्टेरी होतात; या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण त्यांनी १९०८ मध्ये दिले. पट्ट्यांचा घटक लिंगनिश्चितीच्या घटकाशी निगडित असून नरात त्याच्या दोन व मादीत एकच प्रत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. टी. एच. मॉर्गन यांचा फळमाशीच्या पांढऱ्या डोळ्यांवरील विख्यात निबंध यानंतर दोन वर्षांनी, १९१० मध्ये, प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांत फळमाशीला मान मिळाला व कोंबडी मागे राहिली. त्याचे एक कारण फळमाशीची पिढी दोन आठवड्यांत होते, हे असावे.

मनुष्यात नराची लिंग-गुणसूत्रे भिन्न असतात. पक्ष्यांत नेमके उलट असते. कोंबड्याला ‘झेड’ ही दोन सारखी गुणसूत्रे असतात, तर कोंबडीला एक ‘झेड’ व एक लहान ‘डब्ल्यू’. नर पिलाला एक ‘झेड’ आईकडून व एक बापाकडून मिळते. मादी पिलाला तिचे एकमेव ‘झेड’ बापाकडूनच मिळते. म्हणून ‘झेड’वरील जीनच्या बाबतीत तलंगेचा रंग केवळ बाप ठरवितो आणि आईचा प्रभावी रंग केवळ मुलग्यांत उतरतो. मुलगी बापावर व मुलगा आईवर जातो, ही आपल्याकडील बोलण्यातील समजूत माणसांपेक्षा कोंबड्यांना अधिक लागू पडते.

‘झेड’वरील दुसरी महत्त्वाची जोडी रुपेरी व सोनेरी रंगाची आहे. रुपेरी जीन प्रभावी असून तो पिसांतील तांबूस छटा घालवितो. ऱ्होड आयलंड रेड जातीचा सोनेरी-तांबडा कोंबडा व लाइट ससेक्स जातीची रुपेरी कोंबडी यांच्या संकरातील पिले अंड्यातून बाहेर पडतानाच वेगळी ओळखू येतात: नर पिलांची लव फिकट पिवळी व मादी पिलांची तांबूस असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये पशुखाद्याची टंचाई निर्माण झाली, तेव्हा अंडी न देणाऱ्या नर पिलांवर खाद्य खर्च होऊ नये म्हणून या रंगभेदाचा उपयोग करावा, अशी सूचना पनेट यांनी केली. पुढे पनेट व मायकेल पीझ यांनी केंब्रिज येथे गोल्डन कॅम्पाइन व पट्टेरी प्लिमथ रॉक यांच्यापासून ‘कँबार’ ही जात तयार केली (१९२९). तिच्यात पट्ट्यांचा जीन नरात दोनदा व मादीत एकदा असल्यामुळे नर पिलाची लव अधिक फिकट असते; त्यामुळे शुद्ध जातीतही प्रत्येक पिढीत पिलांचे लिंग ओळखता येते. पिलाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची जपानी पद्धती याच सुमारास पुढे आली. तिला कसबी माणूस लागतो. रंगाला लागत नाही.

कोंबडीच्या गुणसूत्रांवर जीन कोणत्या क्रमाने असतात हे शोधण्याच्या कामात भारताशी संबंध असलेले एक नाव आढळते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२१ मध्ये कोंबड्यांतील जीनांच्या सहलग्नतेवर लिहिले होते. हे शास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले. कोंबडीच्या गुणसूत्रांचा पहिला तात्पुरता नकाशा एफ. बी. हट यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रंगाचे जीन ठळकपणे आले, कारण डोळ्यांना दिसणारे व मोजता येणारे लक्षण म्हणून रंगाइतके सोयीचे दुसरे काही नव्हते.

महाराष्ट्रातील अनुभव : स्वातंत्र्योत्तर काळात भारतात व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, ऑस्ट्रेलॉर्प, प्लिमथ रॉक इ. परदेशी जाती सरकारी केंद्रांतून वाढविण्यात आल्या. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट पैदास केंद्र स्थापन झाले. पुण्याजवळ खडकी येथे राज्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. गावठी कोंबड्यांच्या सुधारणेसाठी गावातील नर काढून त्या जागी सुधारित जातीचे नर द्यावेत, असे धोरण देशात अनेक ठिकाणी अवलंबिण्यात आले. यात ऱ्होड आयलंड रेडचे नर विशेष पसंतीस उतरले, कारण त्यांचा तांबडा रंग गावठी पक्ष्यांत खपून जाई.

या धोरणाचा रंगावर होणारा परिणाम वरील नियमांवरून सांगता येतो. तांबड्या नराची सर्व मादी पिले, आई रुपेरी असो वा सोनेरी, सोनेरी जीनचीच होतात. आई पट्टेरी असेल, तर मुलग्यांच्या डोक्यावर जन्मतः पांढुरका ठिपका असतो, मुलींच्या नसतो. घरच्या कोंबडीखाली काढलेल्या पिलांत पहिल्याच दिवशी तलंगा किती व नर किती हे कळणे, ही लहान पाळणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. परंतु तिला तीन मर्यादा आहेत व त्या विसरल्याने अनेकदा निराशा पदरी पडते. जोडी उलट लावून, म्हणजे रुपेरी कोंबडा व तांबडी कोंबडी घेऊन, भेद दिसत नाही. आई व्हाइट लेगहॉर्न असेल तरी दिसत नाही, कारण तिच्या अंगी रुपेरी व पट्टेरी जीन असले तरी प्रभावी पांढरा जीन सर्वच झाकून टाकतो. आणि पहिल्या पिढीतील पक्षी आपसांत जोडले, तर दुसऱ्या पिढीत रंगाचा लिंगाशी संबंध उरत नाही. संकरित तलंगा विकत घेऊन त्यांचीच पिले घरी वाढविणाऱ्याला ही तिसरी मर्यादा हमखास आडवी येते. हीच स्थिती बंगलोर येथील कृषी विद्यापीठाच्या ‘गिरिराज’ व हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेच्या ‘वनराज’ या रंगीत पक्ष्यांची होय. परसात पाळण्यासाठी ते मुद्दाम रंगीत ठेवण्यात आले आहेत. तथापि ते संकरित असल्याने त्यांच्या पुढील पिढीत रंग, वजन व अंड्यांची संख्या ही सर्वच लक्षणे विखुरतात. रंगातील विखुरणे ताबडतोब दिसते, अंड्यांतील वर्षभराने.

पुण्यात १९७१ मध्ये सुरू झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांमुळे महाराष्ट्र हे व्यापारी कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र बनले. या व्यवसायात मांसासाठी वाढविलेला पक्षी बहुतांशी पांढराच असतो, कारण सोललेल्या कातडीवर पांढऱ्या पिसांचे खुंट दिसत नाहीत. पांढऱ्या अंड्यांच्या जातींत रंगावरून लिंग ओळखण्याची सोय नसल्यामुळे पंखावरील पिसे लवकर की उशिरा वाढतात, या दुसऱ्या ‘झेड’-संलग्न लक्षणाचा उपयोग केला जातो. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरांत मात्र सोनेरी-रुपेरी भेद अजून कामी येतो. या सर्व पद्धतींनी वेगळी काढलेली नर पिले अंड्यांच्या व्यवसायात निरुपयोगी ठरून पहिल्याच दिवशी नष्ट केली जातात. पनेट यांच्या सूचनेत काटकसर होती, तिची ही दुसरी बाजू होय.

कडकनाथ व काळा रंग : मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर व धार या भागांतील भिल्ल व भिलाला समाजांनी जोपासलेली ही जात असून तिला ‘कालामासी’ असेही म्हणतात. अलीराजपूर जिल्हा नर्मदेपलीकडे महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्याला लागून आहे. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. खानदेश, बागलाण व पुढे सर्व महाराष्ट्रात या पक्ष्याची मागणी वाढली. त्याबरोबर फसवणुकीचे प्रकारही झाले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात उघडकीस आलेले प्रकरण पिले देऊन अंडी व पक्षी परत विकत घेण्याच्या कराराचे होते व त्यात राज्यभरातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्याचा रंगाशी संबंध नव्हता. पण काळे पिलू म्हणजे कडकनाथ, या समजुतीवर चालणारी लहान फसवणूक बाजारात रोजच होऊ शकते, आणि तिच्याबद्दल तक्रार करणेही कठीण असते.

कडकनाथात दोन वेगळ्या गोष्टी काळ्या असतात: पिसे, आणि कातडी, मांस, हाडांवरील आवरण व आतील अवयव. या दोहोंचे जीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. पिसे काळी करणारा जीन ११ व्या गुणसूत्रावर असून तो ऑस्ट्रेलॉर्पसह अनेक जातींत व गावठी पक्ष्यांतही आढळतो. कातडी व मांस काळे करणारा बदल २० व्या गुणसूत्रावर आहे. गुणसूत्राचे काही भाग दुप्पट होऊन त्यांची मांडणी बदलल्यामुळे तो घडून आला, असे २०११ मध्ये सिल्की जातीत दिसून आले व कडकनाथातही तोच बदल आहे. म्हणून काळ्या पिसांचा पक्षी पांढऱ्या मांसाचा असू शकतो. तसेच सोनेरी पिसांचा पक्षी काळ्या मांसाचा असू शकतो. कडकनाथाचेच पूर्ण काळा, रेखांकित व सोनेरी असे तीन प्रकार मानले जातात. त्याची अंडी काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. काळी अंडी दाखवून कोणी पक्षी विकू लागल्यास तो खोटे सांगत आहे असे समजावे.

काळ्या कातडीचा अभ्यास बेटसन व पनेट यांनी सिल्कीवर करून १९११ मध्ये प्रसिद्ध केला होता व आज कडकनाथाच्या संकराचे भाकीत करण्यास तो जसाच्या तसा उपयोगी पडतो. सिल्की कोंबडा व तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांच्या संकरात मादी पिले गडद काळ्या कातडीची व नर पिले फिकट झाली. जोडी उलट केली, तेव्हा नर व मादी दोन्ही फिकट झाली. काळी कातडी देणारा जीन प्रभावी आहे. पण त्याला दाबणारा दुसरा प्रभावी जीन ‘झेड’वर असून तो लेगहॉर्नमध्ये असतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हा दाबणारा जीन ऱ्होड आयलंड रेडसारख्या पिवळ्या पायांच्या इतर जातींतही असतो. तेव्हा कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर तिच्या तलंगा पाहणाऱ्याला जवळजवळ अस्सल कडकनाथ वाटतील, जरी त्यांचे निम्मे जीन दुसऱ्या जातीचे असतील. त्यांचे भाऊ मात्र लगेच उघडे पडतील. केवळ माद्या विकायला आणणाऱ्या विक्रेत्याकडे त्यांच्या भावांची चौकशी करणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

कोंबडीच्या जीनसंचाचा आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर जुन्या पैदास-प्रयोगांतील जीन एकेक करून रेणवीय पातळीवर ओळखण्यात आले. प्रभावी पांढरा (२००४), अप्रभावी पांढरा (२००६), रुपेरी (२००७) व पट्टेरी (२०१०) यांची ओळख पटली. पिले मोजून काढलेले बेटसन, पनेट व स्पिलमन यांचे मुख्य निष्कर्ष त्यात टिकून राहिले.

गावठी कळप : ज्या कळपात सर्व रंग मिसळलेले असतात, तो अव्यवस्थित समजला जातो; आनुवंशिकीच्या दृष्टीने तो साठा आहे. रशियन शास्त्रज्ञ ए. एस. सेरेब्रोव्हस्की यांनी १९२० नंतरच्या दशकात दागेस्तानच्या डोंगरी खेड्यांतील कोंबड्यांचे जीन खेडोखेडी मोजून त्यांच्या भौगोलिक वाटणीचा अभ्यास केला. सातपुडा व सह्याद्री यांच्या दरम्यानच्या खेड्यांत असे काम करण्याजोगे आहे व ते लवकर व्हावयास हवे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व पुढील महिन्यात जळगाव जिल्ह्यात बर्ड फ्ल्यूची साथ आली, तेव्हा रोगनियंत्रणासाठी व्यापारी पक्ष्यांबरोबर परसातील पक्षीही मारावे लागले. ते करणे आवश्यक होते. पण अशा खेड्यात नंतर उबवणी केंद्रातून पिले आणली जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे असलेले जीन त्यांबरोबर परत येत नाहीत.

एखादा नर कडकनाथ म्हणून विकत घेतला असेल, तर तो अस्सल आहे की संकरित, हे प्रयोगशाळेवाचून बऱ्याच खात्रीने तपासता येते. त्यासाठी पिसे काळी नसलेली, पण पाय निळसर-करडे असलेली गावठी कोंबडी निवडावी. पायाचा हा रंग तिच्यात दाबणारा जीन नसल्याचे चिन्ह आहे. कोंबडीच्या शरीरात पूर्वीच्या नराचे शुक्राणू दोन आठवड्यांहून अधिक काळ कार्यक्षम राहतात. म्हणून तिला आधी तीन आठवडे सर्व नरांपासून दूर डालग्याखाली किंवा वेगळ्या खुराड्यात ठेवावे व नंतरच या नराजवळ सोडावे. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवून निघालेल्या पिलांची कातडी पाहावी. नर संकरित असून त्याच्यात काळ्या कातडीचा एकच जीन असेल, तर सरासरीने निम्मी पिले फिकट कातडीची निघतात. ओळीने सात पिले काळ्या कातडीची निघाल्यास, संकरित नरापासून केवळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता १२८ त एक एवढीच असते. दहा पिलांच्या बाबतीत ती १,०२४ त एक इतकी उतरते.